ओव्हनचा बोर्ड गेला म्हणतात! खरंच बोर्डच गेलाय, हे ठरवायचं कसं?

अवनी_कोथरूड | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. ओट्याशेजारच्या कपाटात बसवलेला आमचा ओव्हन साडेसहा वर्षांचा झाला. इतकी वर्षं एकदाही कुरकुर नाही. गेले पंधरा दिवस मात्र तो मनात येईल तेव्हा तापतो, नाहीतर नाही. घड्याळ दिसतं, बटणं चालतात, आतला दिवा लागतो. पंख्याच्या मोडवर १८० लावून सुरू केला की आतून टक-टक-टक असा आवाज येतो, कुणी नखाने पत्रा वाजवावा तसा. दहा मिनिटांनी दार उघडावं तर आत सगळं गार. कधी चौथ्या-पाचव्या प्रयत्नात तापतो आणि मग केक अगदी नेहमीसारखा होतो.

कंपनीचा माणूस येऊन गेला. पाच मिनिटं बटणं दाबून पाहिली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "मॅडम, पीसीबी गेला. १४,५०० रुपये, बसवायचे वेगळे." पीसीबी म्हणजे ओव्हन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. ओव्हन त्याने कपाटातून बाहेरही काढला नाही. बोर्डच गेला हे कशावरून, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "या मॉडेलला तोच जातो."

दिवाळीच्या नानकटाईच्या ऑर्डरी घेतल्या आहेत, त्यामुळे खर्च करायला माझी ना नाही. पण नवा बोर्ड बसवूनही ओव्हन तापला नाही तर? एकदा बसवलेला बोर्ड परत घेत नाहीत. बोर्डच बिघडलाय हे जाणकार लोक कसं ठरवतात, ते मला समजून घ्यायचंय. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलंय, घरात मल्टिमीटर आहे. थोडं तांत्रिक लिहिलंत तरी चालेल.

मृण्मयी_के | रविवार, रात्री १०:३२

वाचतेय. आमचाही ओव्हन घर बदलल्यापासून तापत नाही. तुझ्यासारखी टकटक मात्र नाही, अगदी शांत आहे. दिवा लागतो, बाकी काही नाही.

गजानन७२ | रविवार, रात्री १०:५०

आधी एक साधी गोष्ट बघा. लाइट गेली होती का मध्ये? कित्येक ओव्हनमध्ये वीज जाऊन आली की घड्याळ शून्यावर लुकलुकतं किंवा 'ऑटो' दाखवतं, आणि वेळ लावून हाताने चालवायच्या मोडवर आणल्याशिवाय ओव्हन तापतच नाही. आमच्या सोसायटीत याच कारणाने दोघांनी मेकॅनिक बोलावला होता.

अवनी_कोथरूड | रविवार, रात्री ११:०५

गजाननजी, वेळ बरोबर लावलेली आहे, लॉकही नाही. आणि मधूनच तापतो, त्यामुळे ते कारण नसावं.

डोंबिवली_फास्ट_नाही | सोमवार, सकाळी ८:१०

ताई, साडेसहा वर्षं झाली म्हणजे पैसे वसूल झाले. १४,५०० आणि वर मजुरी घालण्यापेक्षा थोडे आणखी टाकून नवा घ्या. आज बोर्ड गेला, उद्या पंखा जाईल, परवा दाराचं रबर. मी वॉशिंग मशीनच्या बाबतीत हे भोगलंय. दुरुस्तीत २२,००० घातले आणि शेवटी ते भंगारातच गेलं.

रत्नांग्री | सोमवार, सकाळी ९:२५

आमच्या ओव्हनची गोष्ट सांगतो. मागच्या पावसाळ्यात रात्री अडीचला घरातली मेन ट्रिप झाली. सकाळी ओव्हनचा प्लग काढल्यावर बाकीचं घर सुरू झालं. मेकॅनिकने मागचा पत्रा काढला तर बोर्डावर पाल वाळून चिकटलेली. ओव्हन जिथून गरम हवा बाहेर फेकतो तिथून ती उबेला आत शिरली होती. लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, आमच्याकडे खरीच निघाली. त्याने बोर्ड काढून स्पिरिटने घासला, जळालेली एक पट्टी तारेने जोडली आणि दीड वर्ष झालं, चालू आहे. समुद्राजवळच्या घरात खारी हवा आणि मुंग्या मिळून रिलेची, म्हणजे बोर्डावरच्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, वाट लावतात, हे तो म्हणाला होता. तेव्हा आधी पत्रा उघडून डोळ्यांनी बघा. प्लग काढूनच.

वीजकाका_नाशिक | सोमवार, दुपारी १२:४०

अवनी, चौतीस वर्षं कारखान्यात विद्युत देखभालीत काढली. त्यातून एक सवय लागली आहे, ती सांगतो. बोर्डावर संशय घ्यायचा तो शेवटी. बोर्ड म्हणजे हुकूम देणारा. त्याला माहिती देणारा सेन्सर, त्याचा हुकूम पाळणारे, भट्टी तापवणारे एलिमेंट, मध्ये सुरक्षेसाठी बसवलेला थर्मल कटआउट आणि या सगळ्यांना पोसणारी वीज, हे चार नीट तपासून झाले आणि निर्दोष निघाले, तरच बोर्डाकडे बोट दाखवायचं.

वीज आधी. ओव्हनचा १६ अँपिअरचा प्लग काढ आणि पिना बघ. तपकिरी झालेली, वितळल्यासारखी पिन म्हणजे सैल जोड. घड्याळाला किरकोळ करंट पुरतो म्हणून ते चालतं, पण २००० वॅटचा एलिमेंट लागला की सैल जोडावर व्होल्टेज पडतं. त्याच सॉकेटवर इस्त्री किंवा मोठी किटली लावून पाहा, जोमाने तापली तर सॉकेट बरं.

मग प्लग काढून ओव्हन कपाटाबाहेर घे. दार उघडलंस की दोन्ही बाजूंच्या चौकटीत स्क्रू दिसतील. वजन तीस किलोच्या वर असतं, तेव्हा दोघांनी मिळून काढा. मागचा पत्रा काढल्यावर कुठल्याही वायरला हात लावण्याआधी मोबाइलवर चार-पाच फोटो काढ. वायर कुठून काढली हे तासाभराने कुणालाच आठवत नाही.

एलिमेंटच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवून ओहम मोज. हिशेब तुला माहीतच आहे, व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागायचं. २३० व्होल्टवर २००० वॅटचा एलिमेंट म्हणजे साधारण साडेसव्वीस ओहम, १५०० वॅटचा पस्तीस, १००० वॅटचा त्रेपन्न. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटलाय. टोक आणि ओव्हनचं अंग यांच्यात मात्र काहीच वाचन यायला नको. आलं तर इन्शुलेशन गेलं.

कटआउट म्हणजे दोन पायांची बटणाएवढी टिकली, बहुधा वरच्या पत्र्यावर असते. गार असताना तिच्यातून सलग जोड दिसायला हवा.

सेन्सर हा भट्टीत डोकावणारा पेन्सिलीसारखा दांडा. तो कुठल्या जातीचा ते माहीत नसलं तर खोलीच्या तापमानाला वाचन सांग, मी ओळखतो.

आणि हे मनावर घे. बोर्ड उघडा असताना प्लग लावून मीटरचे टोक लावू नकोस. अशा बऱ्याच बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे पाच व्होल्टची बाजूसुद्धा थेट मेनशी जोडलेली असते. बटणाच्या सर्किटला हात लागला तरी तो मेनला लागल्यासारखाच.

आयोवाची_अनु | सोमवार, संध्याकाळी ७:३० (आमच्याकडे सकाळ)

काकांचा 'वीज आधी' हा मुद्दा इथे अमेरिकेत आणखी लागू पडतो. इथे ओव्हनला २४० व्होल्ट लागतात, ते १२० च्या दोन तारांतून येतात. पॅनेलमधला दुहेरी ब्रेकर अर्धवट बिघडला की एकच तार जिवंत राहते. घड्याळ, दिवा, बटणं १२० वर चालत राहतात, फक्त एलिमेंट तापत नाही. मला तीनशे डॉलरचा बोर्ड सुचवला गेला होता. शेजारच्या आजोबांनी ब्रेकर बदलायला लावला आणि प्रश्न मिटला.

दुसऱ्यांदा मात्र चूक माझी होती. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आपोआप साफ होण्याचा मोड लावला. त्यात भट्टी पाचशे अंश सेल्सिअसच्या जवळ जाते. त्या उष्णतेने थर्मल फ्यूज उडाला आणि सणाच्या दिवशी ओव्हन बंद. पाहुणे घरी यायच्या आदल्या दिवशी तो मोड कुणीही लावू नका.

मृण्मयी_के | सोमवार, रात्री ८:०५

अनु, इथे पुण्यात २३० व्होल्टची एकच तार येते ना? मग अर्धी वीज हा प्रकार आपल्याकडे नसणार.

वीजकाका_नाशिक | सोमवार, रात्री ८:४०

बरोबर, घरातला ओव्हन आपल्याकडे एका फेजवर चालतो. आपला त्रास वेगळा आहे. इमारतीच्या तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला तर कुणाच्या घरी व्होल्टेज पडतं आणि कुणाच्या घरी २३० ऐवजी ४०० च्या दिशेने चढतं. एका रात्रीत अख्ख्या मजल्याचे टीव्ही, राउटर आणि ओव्हनचे बोर्ड जातात. तेव्हा अवनी, शेजाऱ्यांकडेही काही जळलं का, ते विचारून घे.

सर्व्हिसवाला_सागर | सोमवार, रात्री १०:२०

मी याच धंद्यात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आम्हाला दिवसाला सात-आठ कॉल असतात. कंपनी बोर्डावरचा सुटा पार्ट बदलायला शिकवत नाही आणि बदलू देतही नाही. अख्खा बोर्ड बदलायचा, जुना परत पाठवायचा, नव्यावर वॉरंटी द्यायची, अशी पद्धत आहे. मी एखादा कपॅसिटर बदलला आणि महिन्याने ओव्हन पेटला तर जबाबदार मी. त्यामुळे आलेला माणूस लबाडच असतो असं समजू नका.

पण ओव्हन बाहेर न काढता, एकही वाचन न घेता बोर्ड सांगणं चूक आहे, हे मीही म्हणेन. आमच्या उस्तादाने शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला मीटरचा आकडा दाखवायचा, मगच पैशाचं बोलायचं.

डोंबिवली_फास्ट_नाही | सोमवार, रात्री १०:४५

सागरभाऊ, हे वाचून बरं वाटलं. तरी मी माझ्या मतावर ठाम आहे. सगळ्यांच्या घरी मीटर नसतो आणि नाशिकचे काकाही नसतात.

हक्काचं_बोला | मंगळवार, सकाळी ७:५५

काका नसले तरी माहिती मागण्याचा हक्क असतो. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्या सुटे भाग, वॉरंटी, दुरुस्ती केंद्रं यांची माहिती देतात. शेती अवजारं, मोबाइल आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. दाद लागत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी तिथे फ्रिजसाठी तक्रार केली होती, दहा दिवसांत कंपनीचा फोन आला. आणि सर्व्हिसवाल्याकडून बिघाडाचं कारण नेहमी कागदावर लिहून घ्या. 'पीसीबी गेला' एवढंच नाही, काय तपासलं तेही.

सुगरण_सासर | मंगळवार, सकाळी १०:१२

विषयांतर करते, माफ करा. अवनी, नानकटाई ओव्हन नसतानाही होते गं. आई प्रेशर कुकरमध्ये तळाला मीठ पसरून, रबर आणि शिट्टी काढून, वर ताटली ठेवून करायची. केकसुद्धा त्यातच व्हायचा. मीठ आधी दहा मिनिटं तापवून घ्यायचं. आम्ही भावंडं कुकरभोवती बसून राहायचो, वास सुटला की एकच कल्ला. ऑर्डरींना वेळ लागेल, पण दिवाळी अडणार नाही.

अवनी_कोथरूड | मंगळवार, दुपारी ४:३०

सुगरण, ही आठवण वाचून आजोळचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. पण ऑर्डर अकरा किलोंची आहे!

काका, तुमचा गृहपाठ केला. प्लगच्या पिना स्वच्छ, त्याच सॉकेटवर किटली झकास उकळते. शेजारी कुणाचं काही जळलेलं नाही. धाकट्या दिरांना बोलावून ओव्हन बाहेर काढला. पाल नाही, झुरळही नाही. वाचनं अशी: मागचा गोल एलिमेंट २६.८ ओहम, ग्रिल ३५.६, खालचा ५३. तिन्हींचं अंगाशी वाचन नाही. कटआउट सलग. सेन्सर ५५४ ओहम, खोलीत २८ अंश आहेत.

वीजकाका_नाशिक | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

शाब्बास. एलिमेंट आणि कटआउट सुटले. ५५४ म्हणजे शून्य अंशाला ५०० ओहम असणारा प्लॅटिनमचा सेन्सर, २८ अंशाला तो इतकाच दाखवतो. काहींमध्ये दुप्पट, म्हणजे हजार ओहमचा असतो, तो खोलीच्या तापमानाला ११०० च्या आसपास वाचतो. आता तो सोडवून घे आणि फक्त टोक उकळत्या पाण्यात धर. वाचन सलग चढतंय का, मध्येच उडी मारतंय का, ते बघ. १०० अंशाला ६९२ यायला हवं.

अवनी_कोथरूड | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

उडी नाही, हळूहळू चढत गेलं. पण ६८९ वर थांबलं. तीन ओहम कमी म्हणजे खराब?

वीजकाका_नाशिक | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

अगं, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. तुमच्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, आणि ९८ ला हा सेन्सर ६८९ च दाखवतो. तुझा सेन्सर अगदी चोख आहे.

रत्नांग्री | मंगळवार, संध्याकाळी ६:५२

वा! म्हणजे माझ्याकडे रत्नागिरीत ६९२ आलं असतं. हे मी मुलीला दाखवणार आहे.

अवनी_कोथरूड | मंगळवार, संध्याकाळी ७:००

इतकी वर्षं फळ्यावर उत्कलनबिंदू आणि हवेचा दाब शिकवला. आज तो मीटरच्या पडद्यावर दिसला. काका, मनापासून आभार. पण मग शेवटी बोर्डच ना? कंपनीचा माणूस बरोबर होता असंच म्हणायचं?

वीजकाका_नाशिक | मंगळवार, रात्री ८:१५

बोट आता बोर्डाकडे वळलंय, हे खरं. पण 'बोर्ड' हे उत्तर अजून मोघम आहे. बोर्डावर शंभर भाग असतात, बिघडलेला बहुधा एखादा. तुझ्या पहिल्या पोस्टमधली टकटक मला स्वस्थ बसू देत नाहीये. सगळं जोडून, पत्रा बंद करून, ओव्हन जागेवर ठेवून हे करून पाहा. पंख्याच्या मोडवर ठेवू नकोस. फक्त ग्रिल लाव आणि आतला दिवा बटणाने बंद कर. मग दिवा चालू कर. प्रत्येक वेळी टकटक होते का आणि पडद्यावरचे आकडे फिके होतात का, ते लिही.

कोकणकन्या_ठाणे | मंगळवार, रात्री ९:३०

काका, एक वेगळी भीती विचारते. आमच्या जुन्या ओव्हनचा बोर्ड खरंच गेला होता, आणि उलट दिशेने. बंद केला तरी तो तापतच राहिला. रात्री स्वयंपाकघरात जळका वास आला म्हणून उठले, तर भट्टी लाल. एमसीबी पाडली तेव्हा थांबला. रिलेचे आतले पत्रे एकमेकांना चिकटले होते असं मेकॅनिक म्हणाला. अवनीच्या बाबतीत तसं होऊ शकतं का?

वीजकाका_नाशिक | मंगळवार, रात्री ९:५०

होऊ शकतं. रिले टकटकतो तेव्हा प्रत्येक वेळी त्याच्या संपर्कांत ठिणगी पडते. ते काळे पडतात आणि एखाद्या दिवशी चिकटतात. म्हणून अवनी, चाचणी काही सेकंदांची कर आणि हा बिघाड निघेपर्यंत ऑर्डरीसाठी ओव्हन वापरू नकोस. प्लगही काढून ठेव. कोकणकन्या, तुम्ही एमसीबी पाडलीत ते अगदी योग्य केलंत.

अवनी_कोथरूड | बुधवार, सकाळी ७:२०

काका!! फक्त ग्रिल, दिवा बंद: टकटक नाही, ग्रिल लाल झालं. दिवा लावला: लगेच टकटक सुरू, आकडे फिके. दिवा बंद केला: पुन्हा शांत. पंख्याच्या मोडवर दिवा बंद असला तरी टकटक. मी हे तीनदा करून पाहिलं. दिव्याचा आणि तापण्याचा काय संबंध?

वीजकाका_नाशिक | बुधवार, सकाळी ८:४५

संबंध असा. तुझ्या ओव्हनमध्ये दिवा, आतला पंखा, पत्र्यामागचा थंड करणारा पंखा आणि प्रत्येक एलिमेंट यांना स्वतंत्र रिले असणार. रिलेच्या गुंडाळीला बोर्ड २४ व्होल्ट देतो आणि एक रिले साधारण १७ मिलीअँपिअर खातो. फक्त ग्रिल लावलंस तेव्हा दोन रिले लागले, ग्रिलचा आणि थंड करणाऱ्या पंख्याचा. दिवा लावलास की तिसरा आला. पंख्याच्या मोडवर दिव्याशिवायही तीन होतात. म्हणजे बोर्डाचा वीजपुरवठा दोन रिले पेलतो, तिसऱ्याला दम तुटतो. व्होल्टेज पडलं की रिले सुटतो, ओझं कमी झालं की व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा ओढतो, पुन्हा सुटतो. तीच टकटक.

आता हा दम कुठून येतो? ट्रान्सफॉर्मर नसलेल्या बोर्डात मेनची वीज एका चौकोनी फिल्म कपॅसिटरमधून येते. तो करंटला आवर घालतो. बारावीचं एसी सर्किट आठव. ५० हर्ट्झला दीड मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुमारे १०० मिलीअँपिअर देतो. हा कपॅसिटर फुगत नाही, फुटत नाही, दिसायला नवा कोरा राहतो. पण लाइनमधला प्रत्येक झटका त्याच्या आतल्या धातूच्या थराचा एक बारीक ठिपका जाळतो आणि तो स्वतःला सावरून पुढे चालत राहतो. वर्षानुवर्षं असं होऊन, त्यात पावसाळ्याची ओल मिळून, धारिता (वीज साठवायची क्षमता) घटत जाते. दीडाचा अर्ध्याहून कमी झाला की करंट ४० च्या आसपास उरतो. त्यात दोन रिले आणि पडदा कसाबसा भागतो.

बोर्डावर बहुधा पिवळा किंवा करडा ठोकळा असेल, त्यावर 'एक्स-२' आणि किती मायक्रोफॅरड ते छापलेलं असतं. बोर्ड सोडवून चांगल्या दुरुस्तीवाल्याकडे ने आणि कपॅसिटर सुटा करून मोजायला सांग. बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा, त्याच व्होल्टेजचा, एक्स-२ असंच छापलेला हवा. स्वस्तात मिळणारा साधा फिल्म कपॅसिटर तिथे चालत नाही. मेनवर सतत बसायला आणि झटके सोसायला तो बनवलेला नसतो.

दुसरी शक्यता म्हणून त्याच्या पुढचा गोल इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि रिलेच्या पायाचे ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेले डाग, हेही बघायला सांग.

सर्व्हिसवाला_सागर | बुधवार, सकाळी ९:३०

काका, दिवा बंद करून बघायची युक्ती मी आजपासून वापरणार. अकरा वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

डोंबिवली_फास्ट_नाही | बुधवार, सकाळी १०:०५

अवनीताई, बोर्ड कुठे नेणार? पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत विचारा. मुंबईकर असतात तर लॅमिंग्टन रोड म्हटलं असतं. आणि हो, मत अजून बदललेलं नाही, पण निकालाची वाट बघतोय.

नवखा_नगरी | बुधवार, दुपारी १:१५

फार उपयोगी धागा. आमच्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचा पडदा बंद पडलाय. मीसुद्धा पत्रा उघडून असंच तपासू का?

वीजकाका_नाशिक | बुधवार, दुपारी १:२५

नाही! कृपा करून उघडू नका. मायक्रोवेव्हमध्ये लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनसाठी दोन हजार व्होल्टच्या वरचा पुरवठा असतो आणि त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. त्याने अनुभवी माणसांचे जीव गेले आहेत. अवनीने जे केलं ते फक्त एलिमेंटवर चालणाऱ्या ओव्हनचं, तेही प्लग काढून. मायक्रोवेव्ह जाणकार मेकॅनिककडेच न्या.

नवखा_नगरी | बुधवार, दुपारी १:४०

स्क्रू ड्रायव्हर हातात होता. ठेवला खाली. धन्यवाद काका.

मृण्मयी_के | गुरुवार, रात्री ९:००

माझं सांगायचं राहिलं. माझ्याकडे टकटक नाही, दिवा-पंखा ठीक, एलिमेंट मोजायला काढणार तेवढ्यात मॅन्युअल सापडलं. त्यात 'डेमो मोड' असं एक पान होतं. शोरूममध्ये दाखवताना सगळं चालावं पण तापू नये म्हणून तो मोड असतो. सामान हलवताना आणि पुसताना बटणं एकत्र दाबली गेली असणार. दोन बटणं पाच सेकंद धरली आणि ओव्हन तापला! आठ महिने बंद होता. गजाननजी, तुमची 'आधी साधी गोष्ट बघा' ही ओळ आठवूनच मॅन्युअल शोधलं.

अवनी_कोथरूड | शनिवार, रात्री ८:३०

मंडळी, निकाल आला.

काल बोर्ड घेऊन तपकीर गल्लीच्या मागच्या बाजूला एका छोट्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि चारही भिंतींना टांगलेले बोर्ड. दादांना सगळं सांगितलं, दिव्याचंही. त्यांनी काही न बोलता तो पिवळा कपॅसिटर काढला आणि मीटरला लावून मीटर माझ्याकडे फिरवला. वर छापलंय १.५, पडद्यावर ०.६१. काका, तुम्ही नाशिकला बसून बोर्ड न बघता हे सांगितलं होतं!

त्यांनी कपॅसिटर बदलला, गोल इलेक्ट्रोलिटिकही सावधगिरी म्हणून बदलला. ग्रिलचा आणि गोल एलिमेंटचा रिले उघडून दाखवला, संपर्क काळे पडले होते, म्हणून ते दोन्ही रिले नवे घातले. सगळे मिळून ८५० रुपये, आणि तीन महिन्यांत काही झालं तर परत आणा म्हणाले. बिलावर काय काय बदललं ते लिहून घेतलं, हक्काचं_बोला यांची आठवण ठेवून.

आज दिरांनी ओव्हन जागेवर बसवला. दिवा चालू, पंखा चालू, १८० अंश. एकच 'टक', आणि मग शांतता. बारा मिनिटांत तापला. मी ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले होते, डोळ्यांत पाणी आलं हे लिहायला मला संकोच नाही.

कोकणकन्या_ठाणे | शनिवार, रात्री ८:४२

किती छान! रिले बदलून घेतलेस हे फार चांगलं केलंस.

वीजकाका_नाशिक | शनिवार, रात्री ९:१०

अवनी, आनंद झाला. पहिले दोन-तीन दिवस ओव्हन वापरून झाल्यावर, थंड करणारा पंखा थांबला की प्लग काढत जा आणि प्लग हाताला गरम लागतो का तेही बघ. हा पंखा ओव्हन बंद झाल्यावरही काही मिनिटं फिरायला हवा. तो फिरला नाही तर बोर्ड तापतो आणि नवा कपॅसिटरही लवकर थकेल. मागच्या जाळीवर पिठाची धूळ बसू देऊ नकोस.

डोंबिवली_फास्ट_नाही | शनिवार, रात्री ९:३५

१४,५०० आणि ८५०. मी माझं मत मागे घेतो. वॉशिंग मशीन भंगारात देण्याआधी हा धागा हवा होता.

सुगरण_सासर | रविवार, सकाळी ९:००

आता अकरा किलोंची कृती टाक बघू. तूप किती, रवा घालतेस का?

अवनी_कोथरूड | रविवार, दुपारी ३:२०

पाव किलो मैद्याला दीडशे ग्रॅम घट्ट तूप, सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे बारीक रवा, वेलची-जायफळ. तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसायची. १६० वर अठरा मिनिटं. पहिला घाणा निघाला आहे, तडा छान गेलाय. काका, नाशिकचा पत्ता निरोपात कळवा, एक डबा तुमचा.

वीजकाका_नाशिक | रविवार, दुपारी ४:०५

कळवतो. जायफळ जरा जास्त घाल.